तहहयात

द्वितीय वर्ष, कला

आमच्या इंग्रजीच्या तासाला जेन ऑस्टिनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ ही १८११ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात वर्गाचे मत ठरून गेले. या बाईच्या पुस्तकात लग्ने जुळण्याखेरीज दुसरे काही घडत नाही, हे ते मत. मुलांनी ते हसत हसत मांडले, आम्हा मुलींपैकी बऱ्याच जणींनी मान डोलावली, आणि शिकवणाऱ्या सरांनीही ‘नाजूक विणकाम’ असा शब्द वापरून त्याला आडून दुजोराच दिला. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणते की मला हे मत मान्य नाही. कादंबरीचे पहिले प्रकरण पुन्हा उघडून पाहावे. त्यात प्रेम नाही, लग्नाची बोलणी नाहीत. त्यात एक मृत्युपत्र आहे.

एक म्हातारा अविवाहित जमीनदार असतो. त्याचा पुतण्या हेन्री डॅशवुड बायकामुलांसह त्याच्याकडे येऊन राहतो, त्याची सेवा करतो. पुतण्याला पहिल्या बायकोचा एक मुलगा आहे, तो आधीच सधन. दुसऱ्या बायकोच्या तीन मुली आहेत, त्यांना फारसे काही नाही. म्हातारा मरतो, मृत्युपत्र वाचले जाते. जमीन पुतण्याला मिळते, पण फक्त तो जिवंत असेपर्यंत. त्याच्या मागून ती त्या सधन मुलाकडे आणि मग त्या मुलाच्या चार वर्षांच्या पोराकडे जायची आहे. त्या पोराने काय केले होते? कधीमधी पाहुणा म्हणून येऊन बोबडे बोलून आजोबांना हसवले होते, एवढेच. वर्षानुवर्षे उशापायथ्याशी बसणाऱ्या तीन मुलींना प्रत्येकी १००० पौंड. वर्षभरात पुतण्याही मरतो, आणि आई व तिच्या मुली स्वतःच्याच घरात पाहुण्या होतात.

दुसरे प्रकरण तर मी तीनदा वाचले. मरणाऱ्या बापाने मुलाकडून वचन घेतलेले असते की सावत्र आई आणि बहिणींकडे लक्ष दे. मुलाच्या मनात येते, ३००० पौंड देऊ. बायको बोलू लागते. तीन हजारांचे दीड हजार होतात, दीड हजारांचे आईपुरते वर्षाला शंभर होतात, शंभराचे अधूनमधून पन्नास होतात, आणि शेवटी ठरते ते असे की सामान हलवायला हात लावू आणि हंगामात मासे किंवा शिकार पाठवू. कुणी आवाज चढवत नाही, कुणी दुष्टपणाचा आव आणत नाही. इतके भयंकर संभाषण मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेले नाही. याला नाजूक विणकाम कसे म्हणायचे?

आता कुणी म्हणेल, ही झाली कादंबरी. म्हणून मी ग्रंथालयातून लेखिकेची चरित्रे काढून वाचली. लग्नांपेक्षा मृत्युपत्रांनीच त्या घराचे नशीब जास्त घडवले आहे, असे मला दिसले. त्यातली दोन मृत्युपत्रे मोठ्या जमीनदारांची आहेत आणि एक तिचे स्वतःचे.

आधी तिकडच्या जमीनदारांची रीत थोडी सांगते, नाहीतर पुढचा घोळ उलगडणार नाही. इंग्लंडात जमिनीचे भावाभावांत तुकडे पाडत नसत. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर साधारणपणे सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई. हा नियम पुढे १९२५च्या कायद्याने संपला. मृत्युपत्र करणारा मात्र आपली जमीन हव्या त्या माणसाला देऊ शके. मुलांना अमुक वाटा दिलाच पाहिजे असे बंधन नव्हते. पण मोठ्या घराण्यांनी ही मोकळीक पुढच्या पिढ्यांना बांधून ठेवण्यासाठी वापरली. कागद असा लिहायचा की आज गादीवर बसलेला माणूस केवळ तहहयात मालक. त्याने उत्पन्न खावे, वाडा आणि शिवार विकू नये, आणि त्याच्या मागून ते ठरलेल्या पुरुषाच्या हाती जावे. विधवेला वर्षासन, धाकट्या मुलांना आणि मुलींना ठरीव रक्कम. याला कुटुंबाची तरतूद म्हणत. मला यात कुटुंबापेक्षा शिवाराचीच तरतूद जास्त दिसते. माणसे येतात जातात, वाडा एका नावाने उभा राहिला पाहिजे, हा त्यातला खरा हेतू.

आणि नावाचे म्हणाल तर टॉमस नाइट यांच्या घराण्याइतका गमतीदार दाखला सापडणे कठीण. केंट परगण्यातले गॉडमर्शम आणि हॅम्पशायरमधले चॉटन ही त्यांची मोठी ठाणी. त्यांच्या वडिलांचे जन्माचे आडनाव ब्रॉडनॅक्स. एक वारसा मिळवण्यासाठी ते १७२७ साली मे झाले, दुसरा वारसा मिळवण्यासाठी १७३८ साली नाइट झाले, आणि दोन्ही वेळा त्यासाठी पार्लमेंटकडून खास कायदा करून घ्यावा लागला. या गृहस्थांना हवे ते नाव घेऊ देणारा एकच कायदा करून टाका म्हणजे सुटलो, असे एक सभासद वैतागून म्हणाले म्हणे!

मुलगा टॉमस नाइट यांना मूल नव्हते. जेनचे वडील जॉर्ज ऑस्टिन हे त्यांचे दूरचे भाऊबंद, खेड्यातले पाद्री, आठ मुलांचे बाप. नाइट पतिपत्नींनी त्यांचा तिसरा मुलगा एडवर्ड १७८३च्या सुमारास आपल्या घरी घेतला. आपण याला सहज दत्तक म्हणू. पण इंग्लंडच्या कायद्यात १९२६ पर्यंत दत्तक ही गोष्टच नव्हती, त्यामुळे सारी भिस्त मृत्युपत्रावर. १७९४ साली टॉमस नाइट वारले. मृत्युपत्राप्रमाणे सर्व इस्टेट त्यांची पत्नी कॅथरीन हिला तहहयात आणि तिच्या मागून एडवर्डला. कॅथरीनबाई मनाने मोठ्या असाव्यात. मरेपर्यंत धरून ठेवण्याचा हक्क असताना त्यांनी १७९७ साली इस्टेट एडवर्डच्या हाती दिली, स्वतःला वर्षाला २००० पौंड ठेवले आणि कँटरबरीला राहायला गेल्या. १८१२ साली त्या वारल्यावर एडवर्डने नाइट हे आडनाव घेतले आणि त्याची अकराही मुले एका दिवसात ऑस्टिनची नाइट झाली. थोरली मुलगी फॅनी हिला ते मुळीच रुचले नाही. तसे तिने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, म्हणजे माझ्याच वयाची. मात्र आडनाव बदलताना आपल्याला कुणी विचारत नाही हे तिला लग्नाआधीच कळले!

हे मृत्युपत्र उदार होते, यात शंका नाही. गरीब पाद्र्याच्या पोराचे त्याने सोने केले. पण त्याच पोराच्या बहिणींचे काय?

जॉर्ज ऑस्टिन २१ जानेवारी १८०५ रोजी बाथ येथे वारले. पाद्र्याचे उत्पन्न त्याच्या श्वासाबरोबर थांबते. मागे राहिल्या आई, थोरली बहीण कॅसांड्रा आणि जेन. आईची थोडी गुंतवणूक होती. कॅसांड्राजवळ १००० पौंड होते, आणि तेही एका मृत्युपत्राचेच. तिचा वाग्दत्त वर टॉम फाउल १७९७ साली वेस्ट इंडीजमध्ये तापाने गेला, जाताना तिच्या नावे तेवढे ठेवून. दोघींचे मिळून वर्षाला २१० पौंडांच्या आसपास. जेनच्या नावे काहीच नाही. मग भावांनी वर्गणी केली. एडवर्ड १००, जेम्स ५०, हेन्री ५०. आरमारातल्या फ्रँकने १०० देऊ केले आणि हे कुणाला कळू देऊ नका असे सांगितले. आईने त्यातले ५०च घेतले. बेरीज ४६० होते. तिघी बायका, एखादी मोलकरीण आणि भाड्याची घरे.

इथे मला एक हिशेब स्वस्थ बसू देत नाही. ज्या जमिनीतून मानलेल्या आईला वर्षाला २००० पौंड जात होते, त्याच जमिनीच्या मालकाने जन्मदात्या आईला १०० पौंड दिले. मी एडवर्डला कंजूष ठरवत नाही. पहिला आकडा कागदावर होता, दुसरा त्याच्या मर्जीत होता. कॅथरीनबाई स्वतः जेनला अधूनमधून पैसे देत, हेही सांगितले पाहिजे, तीही मर्जीच. वडील गेल्यावर चार वर्षे या तिघी बाथ, साउदॅम्प्टन अशा फिरत राहिल्या. १८०८च्या ऑक्टोबरात एडवर्डची पत्नी वारली आणि त्याच सुमारास त्याने चॉटनचे एक घर आईला देऊ केले. त्याच्या कारभाऱ्याचे ते जुने घर. ७ जुलै १८०९ रोजी तिघी तिथे राहायला आल्या, आणि आपण वाचतो ती सारी पुस्तके तिथे लिहून किंवा दुरुस्त होऊन बाहेर पडली. घर मात्र त्यांचे नव्हते. १८१४ साली दुसऱ्या एका घराण्याने चॉटनच्या इस्टेटीवर दावा लावला. निकाल उलटा गेला असता तर घरही गेले असते. तो दावा एडवर्डने १८१८ साली १५,००० पौंड देऊन मिटवला. तोपर्यंत जेन राहिली नव्हती.

‘तहहयात’ हा शब्द मी चरित्रांतून शिकले असे कुणी समजू नये. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, म्हणून घरातले सगळे कागद वाचायला माझ्यापुढे येतात. सातबारा, सोसायटीची नोटीस, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे. गेल्या उन्हाळ्यात आजीने ट्रंकेतून आजोबांचे मृत्युपत्र काढून दिले. ‘माझे पश्चात माझे पत्नीने सदर मिळकतीचा तहहयात उपभोग घ्यावा, तिला विक्री, गहाण, दान करण्याचा हक्क राहणार नाही.’ मी वाचून दाखवले. आजी म्हणाली, “म्हंजी माझं हाय का न्हाई?” मी समजावले की पीक तुझे, जमीन तुझी नाही. ती म्हणाली, “मग राखणच की गं.” आणि कागद घडी करून परत ट्रंकेत ठेवला. आजोबा वाईट नव्हते. आजीला कुणी घराबाहेर काढू नये एवढ्यासाठीच त्यांनी तो केला होता, हे सारे गाव सांगेल.

मग मी थोडी चौकशी केली. जुन्या हिंदू धर्मशास्त्राला मृत्युपत्र माहीत नव्हते. ते इंग्रजी अमलात न्यायालयांनी मान्य केले आणि १८७०च्या हिंदू विल्स अ‍ॅक्टने त्याला रीतसर रूप दिले. म्हणजे गॉडमर्शमचा कागद आणि आमच्या ट्रंकेतला कागद यांचे नाते अगदीच दूरचे नाही. स्वातंत्र्यानंतर १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, कलम १४ने, हिंदू स्त्रीचा मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलला. वाचून मला आनंद झाला. पण लगेच त्याच कलमाचा दुसरा भाग आला: मृत्युपत्रानेच हक्क मर्यादित करून दिला असेल तर तो मर्यादित राहतो. पोटगीच्या हक्कापोटी दिलेल्या मिळकतीला न्यायालयांनी यात वेगळा न्याय लावला आहे, पण तो वकिलांचा प्रांत आहे. मला इतकेच दाखवायचे आहे की आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी या कादंबरीचे पहिले प्रकरण ट्रंकेत पडलेले असेल, आणि आम्ही मात्र ते ओलांडून थेट नायक येण्याची वाट पाहतो.

पुन्हा इंग्लंडात जाऊ. दुसरे मृत्युपत्र जेनच्या मामाचे.

जेम्स ली-पेरट हे तिच्या आईचे सख्खे भाऊ. निपुत्रिक आणि श्रीमंत. स्टोनलीच्या मोठ्या वारशावरचा आपला हक्क सोडल्याबद्दल १८०६ साली त्यांना २४,००० पौंड रोख आणि वर्षाला २००० पौंड ठरले. बहिणीचा संसार भावांच्या वर्गणीवर चालला आहे, तेव्हा मामा काहीतरी ठेवतील, असे साऱ्या घराने वर्षानुवर्षे धरले होते. त्यात १८१६ साली हेन्रीची बँक बुडाली. एडवर्डचे २०,००० आणि मामांचे १०,००० पौंड त्यात गेले. हेन्री आणि फ्रँक यांचे पन्नास-पन्नासही बंद झाले. जेन तेव्हा आजारी पडू लागली होती.

२८ मार्च १८१७ रोजी मामा वारले. मृत्युपत्रात आधी सर्व काही मामीला. मामीच्या मागून मोठा वाटा थोरल्या भाच्याच्या, जेम्सच्या, घराला. बाकीच्या भाचरांना प्रत्येकी १००० पौंड, पण मामीच्या मागे जी जिवंत असतील त्यांनाच. सख्ख्या बहिणीला काही नाही. हा धक्का बसून आपले दुखणे उलटले, असे जेनने ६ एप्रिलला धाकट्या भावाला कळवले. मामाच्या अंत्यविधीला गेलेल्या कॅसांड्राला तिने लवकर परत बोलावून घेतले होते.

मामी १८३६ साली वारली. तोपर्यंत जेनला जाऊन एकोणीस वर्षे आणि आईला जाऊन नऊ वर्षे झाली होती.

या मामांना खलपुरुष करून टाकणे सोपे आहे, आणि मी तसे करणार नाही. १७९९ साली याच मामीवर बाथच्या एका दुकानातून लेस चोरल्याचा आरोप आला. खटला उभा राहीपर्यंत तिला कित्येक महिने इल्चेस्टरला तुरुंगाधिकाऱ्याच्या घरी कोंडून राहावे लागले, आणि मामा सगळे सोडून तिच्याबरोबर तिथे राहिले. मार्च १८००मध्ये ती निर्दोष सुटली. असा नवरा मृत्युपत्रात बायकोला प्रथम बघतो, यात नवल काय? कदाचित वाचणाऱ्यांपैकी कुणी म्हणेल, मुली, तुला हवे होते तेच तर झाले, बाईला मिळाले. खरे आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. त्या कागदाने एका बाईला सुखी केले आणि त्याच वेळी दुसऱ्या बायकांना तिच्या मरणाची वाट बघायला बसवले. ‘जिवंत असतील तर’ ही अट आजारी माणसाला घातली की तिचा अर्थ ‘नाही’ असाच होतो. चांगल्या माणसाच्या हातूनही हे घडते, कारण मृत्युपत्र लिहिताना तो समोरच्या माणसांना बघत नाही, आपल्या मागे पन्नास वर्षे मालमत्ता कशी चालेल ते बघतो. तसेच झालेही. मामीच्या मागून त्यांचे घर जेम्सच्या मुलाकडे गेले आणि त्याने १८३७ साली आपल्या आडनावापुढे ली जोडले.

मामाचे मृत्युपत्र वाचले गेल्यावर महिना उलटायच्या आत, २७ एप्रिल १८१७ रोजी, जेनने स्वतःचे लिहिले.

ती ते लिहू शकली याचे कारण ती अविवाहित होती. त्या काळी विवाहितेचे पैसे नवऱ्याचे होत, आणि त्याच्या संमतीशिवाय तिला मृत्युपत्र करता येत नसे. हे १८८२च्या कायद्याने बदलले. डिसेंबर १८०२मध्ये मॅनिडाउनच्या इस्टेटीचा वारस हॅरिस बिग-विदर याने जेनला मागणी घातली होती. तिने रात्री होकार दिला आणि सकाळी मोडला. लग्न झाले असते तर आई आणि बहिणीला हक्काचे छप्पर मिळाले असते. तिला स्वतःला ‘तहहयात’ काहीतरी मिळाले असते. वर्गात या प्रसंगावर आम्ही बरेच हसलो होतो, की एका रात्रीत बाईचे मन फिरले. मला वाटते ती रात्रभर आकडे मांडत बसली असेल. पुरावा माझ्याजवळ नाही, पण दुसरे प्रकरण लिहिणारी बाई आकडे न मांडता झोपली असेल हे मला पटत नाही.

तिच्या मृत्युपत्रात दोन-तीन वाक्येच आहेत. माझे जे काही आहे आणि पुढे जे काही मला येणे होईल ते सर्व माझी बहीण कॅसांड्रा हिला. त्यातून अंत्यविधीचा खर्च जावा, ५० पौंड हेन्रीला जावेत, आणि ५० पौंड मादाम बिजाँ हिला. हेन्री म्हणजे बँक बुडालेला भाऊ. मादाम बिजाँ ही हेन्रीच्या लंडनच्या घरी राबलेली फ्रेंच बाई. तहहयात नाही, पश्चात नाही, अमका जिवंत असेल तर नाही. एकूण चीजवस्तू ८०० पौंडांच्या आतली, आणि तीही पुस्तकांच्या कमाईची. मामांनी सख्ख्या बहिणीला वगळले, भाचीने भावाच्या मोलकरणीला आठवले.

कागदावर एकाही साक्षीदाराची सही नव्हती. जमिनीखेरीजच्या मालमत्तेला तेव्हा ते चालत असे, पण अक्षर तिचेच आहे हे ओळखीच्या दोघांना शपथेवर सांगावे लागले. ती १८ जुलैला, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी वारली. १० सप्टेंबरला मृत्युपत्र मंजूर झाले आणि पैसे कॅसांड्राला मिळाले, त्याच वर्षी, कुणाच्याही मरणाची वाट न बघता.